ज्वालामुखीवरचे घरमालक

घर बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आधी बागेच्या कुंपणाची भिंत दाखवली. जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्ग गावात एका सॉफ्टवेअर कंपनीत लागून मला महिनाही झाला नव्हता. ऑफिसातल्या एका मुलीकडून कळलं होतं की स्टेशनमागच्या गल्लीत एक म्हातारं मराठी जोडपं वरचा मजला भाड्याने देतं. मी विचारायचे प्रश्न कागदावर लिहून आणले होते. हीटिंग कसलं, वॉशिंग मशीन कुठे, इंटरनेटचं काय. गृहस्थांनी त्यातलं एकही ऐकून घेतलं नाही. त्यांनी जिभेला बोट लावलं, भिंतीतल्या एका काळ्या दगडावर ते घासलं आणि म्हणाले, "बघ. ओळखलास?"

"दगड आहे," मी म्हणाले.

"कुठला?"

"इथला?"

"तिथला!" ते एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्या बाईंनी पडदा सरकवून बघितलं. "आपल्या सह्याद्रीचा दगड आणि हा दगड, एकच. बेसाल्ट. काळा पाषाण. तू पुण्याची ना? जन्मभर याच्यावरून चाललीस आणि ओळख दाखवत नाहीस?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, तिला आधी खोली दाखवा. दगड काही पळून जात नाही."

खोली मला मिळाली. का मिळाली ते काकूंनी पुढे कधीतरी सांगितलं. आधी आलेल्या तिघांनी भिंतीकडे बघून नुसतंच "वा, छान" म्हटलं होतं, आणि काकांना न कळता वा म्हणणारा भाडेकरू नको होता. मला निदान तो दगड आहे एवढं तरी खरं सांगता आलं.

काका चाळीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून पंपांच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून आले होते आणि तिथूनच निवृत्त झाले. भूगर्भशास्त्राशी त्यांचा संबंध फक्त उत्साहाचा. एका जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली छोटी हातोडी कायम त्यांच्या कोटाच्या खिशात असायची. गावातल्या चर्चच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या होत्या. जाता-येता काका त्यांना थोपटायचे. एकदा पाद्रीबाबांनी ते पाहिलं आणि भाविक समजून त्यांना आत बोलावलं. काका म्हणे तासभर आत होते, आणि बाहेर आले ते पाद्रीबाबांनाच पायऱ्या थोपटायला शिकवत.

इकडे प्रत्येक इमारतीला हाउसऑर्डनुंग असतं, म्हणजे घराचे नियम, जिन्यात टांगलेले. काकांचं हाउसऑर्डनुंग त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात मराठीत लिहिलेलं होतं. दुपारी एक ते तीन मिक्सर लावू नये, ही जर्मन लोकांची विश्रांतीची वेळ आहे आणि आमचीही. लसणाची फोडणी देताना खिडकी उघडावी. त्याआधी खाली कळवावे, म्हणजे आम्ही आमचा स्वयंपाक थांबवू. आणि सगळ्यात खाली, लाल शाईत: या घरात नातीशी मराठीतच बोलावे. घरमालकांना जर्मन येत नाही.

हे शेवटचं वाचून मला हसू आवरेना. त्याच सकाळी मी काकांना पोस्टमनशी दहा मिनिटं जर्मनमध्ये भांडताना ऐकलं होतं, तेही इथल्या हेसन भागातल्या अस्सल गावरान ठसक्यात.

नात नऊ वर्षांची होती. तिचे आई-बाबा दोघंही नोकरीवर, म्हणून शाळा सुटली की ती इथे यायची. तिला मराठी सगळं कळायचं, अगदी काकूंचे टोमणेसुद्धा. बोलायची मात्र एकूण एक जर्मनमध्ये. काकांनी म्हणूनच नियम केला होता की नातीसमोर आपल्याला जर्मनचा एक शब्द कळत नाही. तीन वर्षं हा सामना चालू होता. दोघंही हट्टाच्या बाबतीत एकाच मातीचे, त्यामुळे कोणी हरायचं नाव घेत नव्हतं.

मी आल्यावर मला दुभाषी म्हणून मधे बसवण्यात आलं. माझं जर्मन म्हणजे संध्याकाळच्या क्लासातलं, दुसऱ्या पुस्तकाच्या तिसऱ्या धड्यावर अडकलेलं. नात भराभरा काहीतरी सांगायची, काका माझ्याकडे बघायचे, आणि मी अंदाजपंचे सांगायचे, "ती म्हणतेय, शाळेत तिच्या मैत्रिणीने तिची पेन्सिल घेतली."

"घेतली नाही, तोडली," काका म्हणायचे.

"म्हणजे काका, तुम्हाला कळलं की!"

"मला काही कळलं नाही. पण तिनं तोडली."

बेकरीतल्या बाई काकांना तीस वर्षं ओळखत होत्या. काका एरवी एकटेच जात, पण एकदा आम्ही तिघं पाव आणायला गेलो. बाईंनी नेहमीसारखं हसून विचारलं, तर काका शेजारी नात आहे म्हणून गप्प. पावांकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "काय म्हणतायत गं त्या?" मी जमेल तसं चुकतमाकत पाव घेतला. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले तेव्हा बाईंनी मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं की त्यांची वाचा गेली का. मी सगळी भानगड समजावून सांगितली. त्यानंतर नात बरोबर असली की बाई स्वतःहून काकांना खुणांनी पाव विकायच्या, आणि नात कपाळाला हात लावून बाहेर जाऊन उभी राहायची.

एवढा हट्ट कशासाठी, हे मी एकदा काकूंना विचारलं. काकू चकल्या पाडत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "आमचा मुलगा लहान होता ना, तेव्हा त्याच्या शिशुवर्गातल्या बाईंनी सांगितलं, घरात जर्मनच बोला, नाहीतर पोर मागे पडेल. आम्ही बोललो. मोडकंतोडकं, पण बोललो. आता त्याचं मराठी 'आई, भूक लागली'पाशी संपतं. यांना ते फार लागलंय. म्हणतात, एकदा शहाणपणा केला तेवढा पुरे."

या सामन्यात काकांकडे एक हुकमी डाव होता. जर्मनमध्ये 'हो'ला 'या' म्हणतात. काका विचारायचे, "बाईसाहेब, भाजी वाढू का?" नात मान न उचलता म्हणायची, "या." की काका डाव खाली ठेवून टेबलाला वळसा घालून यायचे आणि तिच्या खुर्चीला खुर्ची चिकटवून बसायचे. "आलो. बोलावलंस ना?" ती वैतागून ओरडायची. टीव्ही लावू? या. आलो! गृहपाठ झाला? या. आलो! एका जेवणात मी त्यांना पाच वेळा उठताना पाहिलं आहे. काकू म्हणायच्या, "अहो, गुडघे माझे दुखतात, तुमचेही दुखवून घ्या." नात चिडायची खरी, पण 'या'ऐवजी 'हो' म्हणून हा छळ थांबवणं तिला सहज शक्य होतं, आणि तिने ते तीन वर्षांत एकदाही केलं नाही. मला वाटतं तिलाही ते उठून येणं आवडत असावं.

रविवारी काका डोंगरावर जात. गाडीने तासाभराच्या अंतरावर फोगेल्सबेर्ग आहे, एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीचा डोंगराळ मुलूख. पहिल्यांदा जाणार होते तेव्हा मी आईला फोनवर सांगितलं की मी ज्वालामुखीवर चालले आहे. आई म्हणाली, "फार काठावर जाऊ नकोस, आणि वाकून बघू नकोस." तिथे पोचले तर एक पार्किंग, एक सॉसेजचा ठेला आणि रवंथ करणाऱ्या गाई. ज्वालामुखी विझून युगं लोटली होती. मी तोंड वेडंवाकडं केलं तर काका म्हणाले, "साताऱ्याला तरी धूर निघतो का? आपण सगळे ज्वालामुखीवरच वाढलो. फक्त तिकडे कोणी पाटी लावत नाही."

डोंगरावर त्यांचे तीन विषय बंद होते: व्हिसा, टॅक्स आणि घरभाडं. जो बोलेल त्याच्या पाठपिशवीत एक दगड. पहिल्या खेपेला मी चार दगड घेऊन उतरले. स्वतःचा फोन ते गाडीत ठेवत. हात पाठीमागे बांधून चालायचे, मधेच थांबायचे, बोट ओलं करून एखादा खडक घासायचे आणि "ओल्याशिवाय रंग कळत नाही" म्हणून पुढे निघायचे. माथ्याजवळ बीच नावाच्या उंच झाडांचं दाट रान आहे. तिथे ढग खाली उतरले की सगळ्या खोडांवरचं शेवाळ हिरवंगार दिसतं, पानांतून पाणी ठिबकत राहतं आणि पलीकडचं झाड नाहीसं होतं. त्या रानात शिरलं की काकांचा आवाज आपोआप हळू व्हायचा. "आता डावीकडनं ठोसेघरचा धबधबा ऐकू यायला पाहिजे," ते म्हणायचे, आणि खरोखर कान देऊन थांबायचे.

मग ऑक्टोबरात बातमी आली. मुलाला देशाच्या दुसऱ्या टोकाला, ड्रेस्डेनमध्ये, चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात चांगली नोकरी लागली, आणि नाताळात ते तिघंही तिकडे राहायला जाणार होते. काका दोन दिवस बागेत भिंत दुरुस्त करत राहिले. भिंतीला काहीही झालेलं नव्हतं.

"शेजारी बसवून तीन वर्षांत एक वाक्य काढता आलं नाही यांना," काकू मला म्हणाल्या. "आता फोनवर काय करणार? तिकडून ती जर्मन बोलेल, इकडून हे कळत नाही म्हणतील. चार रविवार होतील असे. मग फोनच बंद होईल, बघ तू."

मी धीर करून काकांकडे गेले. "काका, सोडून द्या ना आता. सिरियसली. बोला तिच्याशी जर्मनमध्ये."

ते बराच वेळ हातोडी पुसत राहिले. "सोडलं तर ती मला विसरणार नाही, हे कळतं गं मला. पण मग मी तिच्यासाठी कोण? चुकीचं जर्मन बोलणारा एक म्हातारा. तसे इथे पुष्कळ आहेत." काका घाबरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

जायच्या आधी तिला एकदा वर नेऊन आणायचं ठरलं. काकूंचे गुडघे म्हणून त्या घरी थांबल्या. काका, नात आणि मी निघालो. गाडीत काकांनी तिच्याकडून मराठी काढायचे सगळे प्रयत्न केले. गाई मोज, म्हणाले. तिने जर्मनमध्ये मोजल्या.

रानात शिरलो तेव्हा ढग अगदी जमिनीला टेकले होते. दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. एका बाकापाशी मी बसले, कारण नव्या बुटांनी माझी टाच सोलून काढली होती. नातीने काकूंनी दिलेला धपाट्यांचा डबा उघडला. काका म्हणाले, "तुम्ही खा. पुढे वाट फुटते, मी पाटी बघतो," आणि ते ढगात दिसेनासे झाले.

पाचेक मिनिटांनी वरून आवाज आला. "पाटी सापडलीऽ! मी इथंच थांबू काऽ?"

नातीच्या तोंडात धपाटा होता. तिने तो गिळला आणि ओरडली, "याऽऽ!"

आम्ही डबा बंद केला, मी लंगडत निघाले. पाटीपाशी पोचलो तर तिथे कोणी नव्हतं.

आधी वाटलं गंमत करतायत. मग मी हाका मारल्या. "काका! काकाऽ!" नातीने मारल्या, "ओपाऽ!" इकडे आजोबांना ओपा म्हणतात. ढगात हाक जणू ओल्या गोधडीत गुंडाळली जात होती. उत्तर नाही. फोन गाडीत. माझ्या फोनला नेटवर्क नाही. पाटीच्या एका बाजूला उतार होता, शेवाळलेले मोठमोठे खडक, आणि त्याच्या खाली दलदलीचा पट्टा, हे मला मागच्या खेपेमुळे माहीत होतं. बहात्तर वर्षांचा माणूस. पोरीसमोर मी चेहरा जमेल तेवढा सरळ ठेवला.

नात आल्या वाटेकडे बघत होती. मग जर्मनमध्ये, अगदी हळू म्हणाली, "मी हो म्हणाले. हो, तिथेच थांबा. त्याला वाटलं मी बोलावतेय." तिने फाट्याकडे बोट दाखवलं. "तो माझ्याकडे यायला निघाला आणि चुकला."

तिचं बरोबर होतं. वाट फुटते तिथे ते परत फिरताना भलत्याच फाट्याला लागले असणार. मी तिला जवळ घेऊन म्हणाले, "तुझी चूक नाही गं." तिने मला बाजूला सारलं, बाही डोळ्यांवरून फिरवली आणि शेजारच्या एका खडकावर चढली. खडक काळा होता, ओला होता. दोन्ही हात तोंडाशी धरून ती ओरडली, "याऽऽऽ!"

काही नाही.

"याऽऽऽ! याऽऽऽ!"

मी तिच्याकडे बघत राहिले. जगात एक शब्द असा होता की तो कानावर पडला की हा माणूस असेल तिथून उठून येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाचव्या की सहाव्या हाकेला खूप खालून, उजव्या अंगाने आवाज आला.

"आलोऽऽऽ!"

ती थांबली नाही. ती "या" म्हणत राहिली, ते "आलो" म्हणत राहिले. आवाज एकदा लांब गेला. मग पुन्हा जवळ येऊ लागला. शेवटी दोन खोडांच्या मधून काका बाहेर आले. गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी गायब, हातात मोज्यातली हातोडी. धापा टाकत ते सरळ तिच्या खडकापाशी गेले, तिच्या ओल्या गालांकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आलेस गूट, मॉइशे?"

सगळं ठीक ना, उंदरे? लाडाने पोरींना इकडे उंदरी म्हणतात. तीन वर्षांचा नियम असा एका क्षणात मोडला आणि ते काकांच्या लक्षातही आलं नाही.

नात त्यांच्याकडे बघत होती. "हो," ती म्हणाली. मग त्यांच्या पायांकडे बघून, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "आजोबा, तुमचा पँट खराब झाली."

मी 'बुटां'ना 'शूज' म्हटलं तरी रस्त्यात थांबवून दुरुस्त करणारे काका. ते फक्त एवढंच म्हणाले, "झाली खरी." आणि त्यांनी पाठ फिरवून बराच वेळ नाक पुसलं. मीही पुसलं.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, आमच्या हाका ऐकू आल्या नाहीत का. "येत होत्या," ते म्हणाले, "पण कुठनं येतायत ते कळेना. चारी बाजूंनी घुमायच्या. 'या' तेवढा सरळ आला." मग जरा पुढे जाऊन, नात ऐकत नाही असं बघून म्हणाले, "मी जर्मन बोललो ते घरी सांगू नकोस."

घरी पोचताच नातीनेच ते आजीला सांगितलं, साग्रसंगीत, जर्मनमध्ये. काकूंचा असला काही नियम नव्हता, त्यांना सगळं कळलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतेय ती?"

मला वाटलं होतं आता दोघं गोडीगुलाबीने वागतील. कसचं काय. सोमवारपासून पुन्हा तोच सामना. भाजी वाढू? या. आलो! डिसेंबरात सामान भरलेली गाडी निघाली तेव्हा काकांनी नातीच्या खिशात एक काळा दगड घातला. व्हिसाबद्दल बोलली का, मी विचारलं, कारण नाहीतर मीच रडले असते.

मग रविवारचे फोन सुरू झाले. काकू म्हणाल्या होत्या चार. मी अकरापर्यंत मोजले आणि सोडून दिलं. फोनवर काका अर्धा तास मराठीत बोलायचे, ती अर्धा तास जर्मनमध्ये, आणि दुभाषी म्हणून मला खाली बोलावणं यायचं. माझं जर्मन त्या फोनांमुळे जेवढं सुधारलं तेवढं कुठल्या क्लासात सुधारलं नसतं.

मार्चमधल्या एका रविवारी काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. ती तिकडची शाळा, तिकडची नदी, नदीवरचे पूल असं काहीबाही सांगत होती. काका मधेच म्हणाले, "बाईसाहेब, आम्ही दोघं तिकडेच राहायला येऊ का? कायमचे?"

काकूंचा हात चहाच्या भांड्यावरच थांबला. त्यांनाही हे नवीन होतं. पलीकडे खुर्ची सरकली. मग तिचा आवाज आला, स्पष्ट, खडकावरून मारलेल्या हाकेसारखा लांबवलेला.

"याऽऽ!"

"आलो," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.

माझं घर त्या एका शब्दात गेलं. जूनमध्ये त्यांनी घर विकलं, भिंतीतला एक दगड काढून बरोबर नेला. मी आता नेकारसुल्म नावाच्या दुसऱ्या गावी असते, आणि इथल्या घरमालकांना दगडांत काडीचाही रस नाही. पण त्या रविवारी, काकू अजून डोळे पुसत होत्या आणि चहा उतू गेला होता, तेव्हा मी काकांना विचारलंच. "काका, खरं सांगा. ती आत्ता जर्मनमध्ये हो म्हणाली, की मराठीत या म्हणाली?"

काकांनी अगदी निरागस चेहरा केला.

"मला काय विचारतेस? मला जर्मन येत नाही."